चौकशीवाल्याचं पाणी

आमच्या दुकानात माणूस आला की आधी पाणी मागतो, मग काम सांगतो. लातूरचा उन्हाळा, त्यात गल्लीत तीन-तीन क्लास, त्यामुळं माठ भरून ठेवणं हेही माझ्याच गळ्यात पडलेलं. अकरा वर्षांत त्या माठाकडं ढुंकूनही न बघितलेला एकच माणूस. ते यायचे ते स्वतःचा फिरकीचा तांब्या घेऊन. खांद्याला डाळमिलची कापडी पिशवी, पिशवीत कागद आणि कागदांशेजारी तो स्टीलचा तांब्या. काउंटरसमोरच्या स्टुलावर बसायचे, झाकण फिरवून काढायचे, दोन घोट वरून प्यायचे, झाकण फिरवून लावायचे आणि मग म्हणायचे, "ताई, नवी हाय."

नवी म्हणजे नवी कथा. गुप्तहेराची.

मी टायपिंग करते. क्लासचे पेपर, लग्नपत्रिका, कोर्टाचे अर्ज, मेलेल्या माणसाचे वारस दाखले, जे येईल ते. फिजिक्सची चिन्हं टाकून टाकून माझी मान कायमची डावीकडं गेलीय. अशात कुणी चौदा पानांची कथा आणून ठेवली, तीही तिरक्या बारीक अक्षरात, की माझा जीव मेटाकुटीला यायचा. पण त्यांना नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. का जमलं नाही ते मलाही सांगता येणार नाही. वय, कपाळावरचे भस्माचे तीन पट्टे, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि बसण्यातलं एक अवघडलेपण, जणू त्यांना कुणीतरी आत्ता उठवणार आहे.

ते मूळचे देवणीकडचे. घरी कन्नड, बाहेर आपली मराठी. एक काम संपलं, पान टाइप झालं, छत्री मिटली, काहीही पुरं झालं की "आयतु" म्हणायचे. झालं, असा त्याचा अर्थ. पस्तीस वर्षं एसटीत तपासनीस होते. वाटेत हात करून गाडीत चढायचं आणि तिकिटं तपासायची. निवृत्त झाल्यावर लोक घरी बसतात, नातवंडं खेळवतात. ह्यांनी गंजगोलाईजवळ एका आडतीच्या दुकानावरची खोली घेतली आणि जिन्यात पाटी लावली: खाजगी चौकशी. लग्न, जमीन, हरवलेली माणसं.

हरवलेलं माणूस अकरा वर्षांत एकदाच आलं आणि ते दुसऱ्या दिवशी आपणहून घरी गेलं. जमिनीच्या भानगडीत ते स्वतःच पडायचे नाहीत. राहिली लग्नं. आमच्याकडं मुलगी द्यायची म्हणजे आधी चौकशी. पूर्वी मामा, आत्या, पाहुणेरावळे करायचे. आता पाहुणे तोंडावर गोड बोलतात आणि कुणाच्या वाईटात पडत नाहीत. मग मुलीचे बाप गुपचूप ह्यांच्याकडं यायचे. गुपचूप म्हणजे अगदी बायकोलाही न सांगता. आपण सोयऱ्यावर माणूस लावला हे बाहेर कळलं तर सोयरीक तर मोडतेच, वर भावकीत तोंड दाखवायला जागा राहत नाही.

चौकशीला जाताना ते दुसऱ्या कुठल्या तरी मुलीचं स्थळ घेऊन आल्याचं सांगायचे. किराणा दुकान, न्हावी, पिठाची गिरणी, दूध घालणाऱ्या बाया अशी माणसं बोलती करायचे आणि सगळ्यात शेवटी मुलाच्या घरी जायचे. पण त्या घरचं पाणी प्यायचे नाहीत. उपास आहे म्हणायचे, पोट बिघडलंय म्हणायचे, काही म्हणायचे, पण तांब्या आपला. एकदा मी चिडवलं की काका, माझ्या माठानं तुमचं काय घोडं मारलंय, मी तर कुणाची सोयरी नाही. तर गंभीरपणे म्हणाले, "चौकशीवाल्यानं कुणाचंच पाणी प्यायचं न्हाई, ताई. एका घरी सवय मोडली की मोडलीच. पाणी पोटात गेलं की पेन अडकतं." मला त्यावेळी हसू आलं होतं.

रिपोर्टही माझ्याकडूनच टाइप करून न्यायचे. त्याचे नियम कोर्टापेक्षा कडक. एकच प्रत काढायची, मग त्यांच्यासमोर कॉम्प्युटरमधून पुसून टाकायची. मुलीच्या बापानं तो कागद त्यांच्या खोलीत, त्यांच्यासमोर वाचायचा आणि परत द्यायचा. मग ते तो, हातानं लिहिलेल्या मूळ कागदासकट, बारीक बारीक फाडायचे. पुढं कुणी काही विचारलं तर दाखवायला कुणाकडंच काही नाही. मी त्यांना म्हणायची, एवढी लपवाछपवी तर चोरही करत नाहीत. त्यावर ते नुसतं मान हलवायचे.

माणसं ओळखण्याची त्यांची सगळी विद्या एसटीतली. तपासनीस गाडीत चढला की ज्यानं तिकीट काढलंय तो घाबरून खिसे चाचपतो, आणि ज्यानं काढलेलं नसतं तो शांतपणे खिडकीबाहेर बघायला लागतो, हे त्यांनी मला किमान पन्नास वेळा सांगितलं असेल. दुकानात बसल्या बसल्या ते माझ्या गिऱ्हाइकांवर प्रयोग करायचे. हा पोरगा क्लासला गेलेला नाही, त्या बाईचा अर्ज खरा आहे, हा गृहस्थ दुसऱ्याची सही करणार आहे. पुष्कळदा बरोबर निघायचं. मला मात्र डोक्याला ताप व्हायचा, कारण एवढं कळल्यावरही मला तो अर्ज टाइप करावाच लागायचा.

आणि ह्या सगळ्यातनं त्यांच्या कथा. क्लासच्या वाया गेलेल्या प्रिंट मी त्यांना द्यायची, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर ते लिहायचे. एका बाजूला घर्षणाचे प्रश्न, दुसऱ्या बाजूला गुप्तहेर. त्यांचा गुप्तहेर म्हणजे एक निवृत्त तपासनीस, त्याला नावही नाही. कोट नाही, पिस्तूल नाही, एसटीनं जातो आणि एसटीनं येतो. कथेत खून नसायचा. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "आपल्याकडं खून झाला की कुणी केला ते सगळ्या गावाला म्हाईत असतंय. त्यात शोधायचं काय? शोधावं लागतंय ते खोटं." नांदेडच्या एका दैनिकाची रविवारची पुरवणी त्यांची एखादी कथा वर्षातून कधीतरी छापायची. बाकीच्या दिवाळी अंकांकडून परत यायच्या. परत आलेलं पाकीट ते नीट सरळ करून पिशवीत ठेवायचे.

टाइप करायला देताना ते शेवटचं पान मात्र द्यायचे नाहीत. सगळं टाइप झालं की स्टूल पुढं ओढून विचारायचे, "सांगा, कुणी केलं?" वाचणाऱ्याला ओळखता आलं तर ती कथा कथाच नाही, असं त्यांचं ठाम मत. पहिल्याच वेळी मी तोंडावर आपटले. कथा एका देवणी बैलाची होती. शर्यतीच्या आदल्या दिवशी गोठ्यातून बैल चोरीला जातो, गावभर संशय, शेजारी, सालगडी, व्यापारी. मी म्हणाले, मालकानंच लपवला असेल, बैल लंगडत होता असं तिसऱ्या पानावर लिहिलंय की. त्यांचा चेहरा पडला. पिशवीतून शेवटचं पान काढलं, टाइप केलेली तेरा पानं माझ्या हातातून घेतली आणि सगळी एकत्र धरून फाडली. आठ दिवसांनी नवी घेऊन आले. पुन्हा तेरा पानं.

त्या दिवसापासून मी शहाणी झाले. मला ओळखता आलं तरी मी ओळखायची नाही. भलत्याच कुणाचं तरी नाव घ्यायचं, ते खूश होऊन मांडीवर हात मारणार, शेवटचं पान देणार, "आयतु" म्हणणार आणि माझी सुटका होणार. दया वगैरे नव्हती हो. मला फक्त परत टाइप करायचं नव्हतं. खरं सांगायचं तर दहातल्या नऊ कथांत मला दुसऱ्या पानावरच कळायचं.

माझी एक सवय आहे. हातानं लिहिलेलं प्रत्येक पान टाइप झालं की त्यावर मी शेवटी लाल पेनानं बरोबरची खूण करते. नाहीतर क्लासच्या पन्नास पानांत कुठलं झालं, कुठलं राहिलं, काही कळत नाही. त्यांच्या कथांवरही खूण, रिपोर्टवरही खूण. ही गोष्ट मी उगीच सांगत नाहीये.

सात वर्षांपूर्वी मे महिन्यात त्यांनी एक रिपोर्ट आणला. मुलगी मुदखेडची, बाप रेल्वेत गँगमन, एकुलती एक लेक. मुलगा निलंग्याकडच्या एका खेड्यातला. दीड पानाचा मजकूर. मुलगा निर्व्यसनी, घरी बारा एकर, बोअरला पाणी, आई मायाळू, पाहुणचार उत्तम. आणि मध्ये एक खोडलेली ओळ. त्यांनी फक्त एक रेघ मारली होती, त्यामुळं खालचं सगळं वाचता येत होतं: याआधी ठरलेल्या मुलीवर मुलाने बसस्टँडवर लोकांदेखत हात उगारल्याने ती सोयरीक मोडली, असे दूध घालणाऱ्या म्हातारीने सांगितले.

मी ती वाचली. बोटं कीबोर्डवर थांबली, हेही आठवतंय. ते समोर स्टुलावर बसले होते. विचारावं असं वाटलं, तेवढ्यात क्लासचा माणूस पेपर मागत दारात उभा राहिला. खोडलेलं टाइप करायचं नसतं, हे तर पहिल्या दिवसापासून हातात बसलेलं. मी ओळ सोडली, पुढचं टाइप केलं, लाल खूण केली, प्रत काढली, पुसून टाकली. जो माणूस कुणाच्या घरचं पाणीही पीत नाही त्याला पाहुणचार उत्तम होता हे कसं कळलं, असा प्रश्न मला त्या दिवशी पडायला पाहिजे होता. एवढ्या कथा वाचून काय उपयोग झाला माझा? नाही पडला.

पुढं ते लग्न झालं असणार, एवढंच मी धरून चालले. तेही खरं म्हणजे धरलं नाही, विसरून गेले.

दोन वर्षांपूर्वी एक बाई आणि तिची मुलगी कोर्टातून अर्ज टाइप करायला आल्या. मुलगी बोलताना उजवा कान पुढं करायची. आईच सांगत होती. नवऱ्यानं मारून मारून डावा कान गेला, पोर माहेरी मुदखेडला आली, केस इथं लातूरला चालू, दर तारखेला यावं लागतं. मी नवऱ्याचं नाव टाइप केलं, गावाचं नाव टाइप केलं आणि दोन्ही नावं परत वाचली. तेच नाव, तेच गाव.

आई बोलत राहिली. बापानं नीट चौकशी केली असती तर ही वेळ आली नसती म्हणाली. मुलीनं मान वर केली. बाबा म्हणतात, मी माणूस लावला होता, रिपोर्ट वाचला होता, असं तिनं मला सांगितलं. कागद कुठंय विचारलं तर म्हणतात फाडला. "असलं कुणी फाडतं का, मॅडम? एकुलती एक होते, डोक्यावरचं ओझं उतरवलं त्यांनी. मी घरी आल्यापासून त्यांच्याशी बोलत न्हाई." हे ती इतक्या सपाट आवाजात म्हणाली की मला पाणी द्यायचंही सुचलं नाही. अर्ज टाइप केला, प्रिंट दिली. तो माणूस खरंच लावला होता, रिपोर्ट खरंच होता, मीच टाइप केला, एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. भीतीच वाटली, दुसरं काय.

काका आले तेव्हा मी सांगितलं. तेही धड सांगितलं नाही. मी म्हणाले, "मुदखेडची पोरगी येऊन गेली. कान गेलाय तिचा. बापाशी बोलत न्हाई, त्यानं चौकशीच केली न्हाई म्हणते." त्यांनी तांब्याचं झाकण फिरवायला घेतलं होतं. ते नुसतं फिरवतच राहिले, उघडायच्या बाजूनं नाही, लावायच्या बाजूनं. मग पिशवी उचलली आणि गेले. तीन महिने आले नाहीत. मलाही बरंच वाटलं, कारण आले असते तर त्यांच्याकडं बघायचं कसं हा प्रश्न होता.

तीन महिन्यांनी दुपारी आले. खाली बसले, तांब्या काउंटरवर ठेवला, पण पाणी प्यायले नाहीत. "नवी हाय," एवढंच. नऊ पानं होती.

गोष्ट अशी होती. तपासनीस एका खेड्यात लग्नाची चौकशी करायला जातो. मे महिना. वाटेत गाडी बंद पडते, चार कोस चालावं लागतं, तांब्यातलं पाणी संपतं. गावाच्या तोंडाशी दूध घालणारी म्हातारी भेटते, ती मुलाबद्दल एक गोष्ट सांगते. तपासनीस तिथूनच माघारी फिरायला हवा, पण चौकशी पुरी करायची म्हणून मुलाच्या घरी जातो. ओसरीवर त्याला घेरी येते. मुलाची आई त्याच्या तोंडाशी पाणी लावते, डोक्यावर ओला टॉवेल ठेवते. मग जेवायला वाढते. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगाची चटणी. दुसरी भाकरी नको म्हटलं तर हात धरून वाढते आणि म्हणते, माझा थोरला भाऊ तुमच्यासारखाच होता. तपासनीस जेवतो. परतीच्या गाडीत तो सगळं खरं लिहून काढतो आणि लातूर येईपर्यंत त्यातली एक ओळ खोडतो. एका म्हातारीच्या बोलण्यावर कुणाचं घर का मोडावं, असं मनाशी म्हणतो. नवव्या पानावर ती मुलगी माहेरी परत येते. घरात बसून सगळे एकमेकांकडं बोट दाखवतात. नवरा, बाप, लग्न जमवणारा मामा, गप्प बसलेलं गाव. तिथं पान संपतं.

मी टाइप करत होते आणि डोळ्यांपुढं अक्षरं हलत होती. कथेत टायपिस्ट कुठंच नव्हता. रिपोर्ट तपासनीस स्वतःच टाइप करतो असं लिहिलं होतं.

शेवटचा फुलस्टॉप पडला तसं त्यांनी स्टूल पुढं ओढलं. "सांगा. कुणी केलं?"

बाहेर क्लास सुटला होता. पोरं सायकली काढत होती, एकाची चेन पडली होती, तो खाली बसून ती लावत होता. मी त्याच्याकडं बघत म्हणाले, "नवऱ्यानं. दुसरं कोण?"

त्यांनी मांडीवर हात मारला नाही. शेवटचं पान काढलं नाही. आयतुही म्हणाले नाहीत. उठले, पायरी उतरले, छत्री उघडली आणि गेले. कागद काउंटरवर तसेच. थोड्या वेळानं बघते तर तांब्याही तिथंच. अकरा वर्षांत तो माणूस कधी एक टाचणी विसरलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलंच नाही. तांब्या घेऊन आडतीच्या दुकानावरचा तो जिना चढले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, लोखंडी पेटी. ते पूजा आटपून बसले होते, गळ्यातलं इष्टलिंग शर्टाबाहेर आलं होतं ते त्यांनी मला बघून आत सारलं. मी तांब्या टेबलावर ठेवला आणि उभ्यानंच म्हणाले, "काका, तपासनीसानं."

त्यांनी तांब्या उचलून पेटीशेजारी ठेवला. मग म्हणाले, "काल का न्हाई बोललात?"

"जीभ रेटली न्हाई."

"काल बाहेर बघून राहिलात. त्या बैलाच्या कथेनंतर तुम्ही दर वेळेस बाहेरच बघता. मला काय कळत न्हाई का, ताई? जन्म गेला माझा त्यात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी वर्षं मी त्यांना फसवत होते आणि ते फसत नव्हते. मग चालवून का घेतलं, असं मी विचारलं.

"कुणीतरी वाचून राहिलं, तेवढं बास होतं," ते म्हणाले. "पण ह्या बारीला वाटलं, तुम्ही बोलावं."

नियमाप्रमाणं आता कथा फाडायला हवी होती. मी पानं पुढं केली. त्यांनी ती घेतली नाहीत. पेटी उघडली, तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राखालून एक कागद काढला आणि माझ्या हातात दिला. ते शेवटचं पान होतं. कथेचं नाही. मुदखेडच्या सोयरिकीचा तो हातानं लिहिलेला रिपोर्ट, खोडलेल्या ओळीसकट. दुनियेचे कागद फाडणाऱ्या माणसाला हा एक फाडता आला नव्हता.

मुदखेडला जाऊन हे त्या घरी द्यायचं, वकील म्हणाला तर कोर्टात साक्ष द्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं. म्हणजे बापाला पोरीपुढं तोंड मिळेल. "तुमचं नाव मी कुठंबी घातलं न्हाई," ते म्हणाले. "कथेत टायपिस्टच ठेवला न्हाई. मी एकटाच जाऊन येतो."

मी कागदाकडं बघत होते. खोडलेल्या ओळीपासून दोन बोटांवर माझी लाल खूण होती. बरोबर.

मी दुकानात परत गेले आणि तो रिपोर्ट परत टाइप केला. ह्या वेळी सगळा. ती ओळ आली तेव्हा तीही केली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या नांदेड गाडीला आम्ही दोघं बसलो. गाडीत एक तपासनीस चढला, तेव्हा काकांनी खिसे चाचपले.

नांदेडहून पुढं रेल्वेनं गेलो. मुदखेडला घर स्टेशनपासून जवळच होतं. बाप ओसरीवर बाजेवर बसले होते, वाळून गेलेला माणूस. काकांना बघून उठून उभे राहिले. आई आतून आली. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, तिनं मला ओळखलं आणि तिला काही समजेना. काकांनी पिशवीतून दोन्ही कागद काढून तिच्यापुढं धरले.

"चौकशीला मी गेलो होतो," ते म्हणाले. "तुझ्या वडलांनीच मला लावलं होतं. पोरगा कसा हाय ते मला कळलं होतं. मी त्यांना सांगितलं न्हाई."

ते तिच्या डाव्या बाजूला उभे होते. तिनं मान फिरवली, उजवा कान पुढं केला आणि म्हणाली, "परत सांगा."

त्यांना ते सगळं परत सांगावं लागलं. मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून. रस्त्यावरून जाणारा एक माणूस थांबून बघायला लागला. मी इतकं लांब येऊनही गप्प बसणार होते की काय कोण जाणे, पण तिनं कागदावरच्या ओळीवर बोट ठेवलं, तेव्हा मी म्हणाले, "ही ओळ मला वाचता आली होती. मी टाइप केली न्हाई, आणि विचारलं बी न्हाई. ती लाल खूण माझी हाय."

तिनं दोन्ही कागद वाचले. मग परत वाचले. आईनं पदर तोंडाला लावला होता. बाप खाली बघत होते, आता खरं ठरल्याचंही त्यांच्या तोंडावर काही दिसत नव्हतं. मला वाटत होतं, ती ओरडेल, शिव्या देईल, कागद तोंडावर फेकेल. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. ती कागद हातात घेऊन आत गेली. माठावरचं झाकण सरकल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पाण्याचा एक पेला होता. एकच. तो तिनं बापापुढं धरला.

"घ्या, बाबा," ती म्हणाली.

त्यांनी दोन्ही हातांनी पेला धरला. घाईघाईनं पिताना अर्धं पाणी शर्टावर सांडलं. ती तिथंच उभी राहिली, पेला रिकामा होईपर्यंत.

आम्हाला कुणी बसा म्हणालं नाही, पाणी विचारलं नाही. आमच्याकडं दारात आलेल्या भिकाऱ्यालाही पाणी विचारतात. आम्ही दोघं तसेच पायरी उतरलो.

स्टेशनवर गाडीला तासभर होता. लिंबाखालच्या बाकावर बसलो. ऊन चांगलंच चढलं होतं. मी माझी बाटली काढून दोन घोट प्यायले आणि सवयीनं त्यांच्यापुढं केली, नाही म्हणणार हे माहीत असून. त्यांनी ती घेतली. वरून, घटाघटा, जवळजवळ सगळी संपवली आणि शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

मग पिशवीतून तांब्या काढला, झाकण फिरवलं आणि सकाळी लातुरातून भरून आणलेलं पाणी लिंबाच्या बुडात ओतून दिलं.